चिनी पाहुण्याचं ताट

मित्रहो, पर्यटन व्यवसायात एक वाक्य सर्रास कानावर पडतं: ‘चिनी माणूस जगभर हिंडतो, पण जेवतो चिनीच.’ हे ऐकलं की मला राग येतो. २०१९ साली चिनी पर्यटकांच्या देशाबाहेरच्या फेऱ्या, हाँगकाँग-मकाव धरून, साडेपंधरा कोटींच्या घरात होत्या. एवढ्या माणसांच्या जिभेचा निकाल एका वाक्यात कसा लावता येईल?

मुळात हा समज आला कुठून? स्वस्त ग्रुप टूरमधून. बस चायनाटाउनमध्ये थांबते, दहा जण गोल टेबलाभोवती बसतात, आठ पदार्थ आणि एक सूप येतं, आणि अर्ध्या तासात सगळ्यांना उठवलं जातं. ते जेवण पाहुण्यांनी निवडलेलं नसतंच. कित्येक कंपन्या खर्चापेक्षा कमी दरात सहली विकायच्या आणि तूट दुकानांच्या कमिशनमधून भरून काढायच्या. मग जेवणावर हात आखडताच राहणार. ऑक्टोबर २०१३ मध्ये चीनने कायदा करून अशा सहलींवर बंदी आणली, पण पाहुण्यांवर बसलेला शिक्का काही पुसला गेला नाही.

आता गरम पाण्याचं घ्या. हॉटेलात चिनी पाहुणा पहिल्यांदा मागतो ती किटली. १९५२ पासून चीनमध्ये सरकारी आरोग्य मोहिमा चालल्या आणि पाणी उकळून प्या, हे घरोघरी बिंबवलं गेलं. थर्मास घराघरात आला. आजही तिथल्या वेगवान रेल्वेगाड्यांत उकळत्या पाण्याचे नळ असतात. त्याच पाण्यावर कपातले नूडल्स होतात. हिल्टनने २०११ मध्ये चिनी पाहुण्यांसाठी वेगळी व्यवस्था सुरू केली, तेव्हा खोलीत किटली व चहा आणि नाश्त्याला तांदळाची पेज ठेवली. पेज! परक्या गावात सकाळी पोटाला गरम, ओळखीचं काही मिळालं, की दुपारी माणूस नवं चाखायला मोकळा होतो. भात किंवा नूडल्स ओळखीचे असले, तर सोबतच्या पदार्थांत नावीन्य चालतं. आणि अगदीच अडलं, तर बॅगेत ‘लाओ गान मा’ या चिनी ब्रँडची मिरचीची बाटली असतेच, आपल्याकडे युरोपला निघताना लसणाची चटणी घेतात तशी.

कच्चं सॅलड बाजूला सारणं हाही चिनी स्वभाव मानला जातो. इथे मला चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंग आठवतो. इ.स. ६७१ मध्ये तो समुद्रमार्गे निघाला आणि पुढे नालंदेत दहाएक वर्षं राहिला. त्याने लिहून ठेवलंय की चीनमध्ये लोक मासे आणि भाज्या बहुतेक कच्च्याच खातात, भारतात मात्र तसं कुणी करत नाही. इथे भाजी नीट शिजवून हिंग, तूप, तेल, मसाला घालून खातात. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी कच्चं खाणारा चिनी होता आणि शिजवून खाणारे आपण!

नव्याची हौस बघायची असेल, तर एप्रिल २०१७ मधला डेन्मार्कचा किस्सा बघा. पॅसिफिक जातीची कालवं डॅनिश किनाऱ्यावर बेसुमार वाढली होती. बीजिंगमधल्या डॅनिश दूतावासाने वेबो या चिनी समाजमाध्यमावर ही अडचण मांडली, आणि चिनी लोकांच्या प्रतिसादांचा पाऊस पडला: आम्ही येऊन खातो, कालवं खाण्यासाठी वेगळा व्हिसा द्या! युरोपात ही कालवं कच्चीच, लिंबू पिळून खायची पद्धत. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात त्यांवर ठेचलेला लसूण आणि बारीक शेवया घालून निखाऱ्यावर भाजतात, फुजियानकडे अंड्यात घालून तव्यावर परततात. जगात सर्वाधिक कालवं चीनमध्येच पिकतात, तरी ही माणसं तेवढ्यासाठी डेन्मार्क गाठायला निघाली होती.