हा पीटीचा तास नाहीये

आधी नुसता आवाज ऐका. ट्रेडमिलचा पट्टा, बुटांची धपधप, आणि मास्कमधून आत-बाहेर होणारा श्वास.

ही पोरगी एक्सरसाइज सायन्सच्या, म्हणजे व्यायामात शरीराचं काय होतं ते शिकवणाऱ्या डिग्रीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. मूळची सांगलीकडची, शाळेत खो-खो खेळायची. नाका-तोंडावर मास्क घट्ट बसवलाय, त्यातून निघालेली नळी शेजारच्या मशिनला जोडलीय, आणि ती सोडतेय त्या श्वासात ऑक्सिजन किती उरला न् कार्बन डायऑक्साइड किती आला हे मशिन सारखं मोजतंय. आपण जी हवा आत घेतो तिच्यात ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो, बाहेर येताना १६-१७ उरतो. मधला शरीरानं वापरला. जीव तोडून पळताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स. आजचं प्रॅक्टिकल त्याचंच.

टेस्ट ब्रूस प्रोटोकॉलनं चाललीय. सुरुवात ताशी २.७ किलोमीटरनं, म्हणजे आजीबाई पण चालतील, फक्त चढ पहिल्यापासूनच १० टक्के. मग दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढ २ टक्क्यांनी वाढतो. नववं मिनिट संपलं की चौथा टप्पा, ताशी ६.८ किलोमीटर आणि चढ १६ टक्के. बहुतेकांचा चेहरा इथंच बदलतो. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून समोर तक्ता धरलाय, बोर्ग स्केल म्हणतात त्याला, ६ ते २० आकडे. किती जड जातंय ते बोटानं दाखवायचं. बघा, बोट १७ वर गेलं.

[निवेदन नाही. टेस्ट संपेपर्यंत फक्त लॅबचा आवाज.]

आकडा आला ४१. किलोमागे, मिनिटाला ४१ मिलिलिटर. आपण नुसते बसलेले असतो तेव्हा हाच आकडा साधारण ३.५ धरतात, त्यावरून अंदाज येईल. वर्गातल्या सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला, आणि सरांनी पहिला प्रश्न शाबासकी द्यायच्या आधी विचारला.

"थांबलीस कशामुळे? पाय का दम?"

"पाय, सर. दम होता अजून."

मग त्या एका उत्तरावर पाऊण तास चर्चा. हृदय किती रक्त पुरवतं, स्नायू त्यातला किती ऑक्सिजन उचलतो, जोरात पळताना रक्तात साठणारं लॅक्टेट कधी चढायला लागतं. तरी घरी विचारलं की सगळ्यांना एकच ऐकायला मिळतं, म्हणजे शाळेत पीटीचा सर होणार का तू? त्यासाठी बीपीएड ही वेगळी डिग्री आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही, पण हे ते नाही. इथं पहिल्याच वर्षी अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री अंगावर येते, पुढं बायोमेकॅनिक्स, म्हणजे हालचालींमागचं फिजिक्स, आणि स्टॅटिस्टिक्स. मैदान आवडतं म्हणून आलेली पोरं एटीपीचं, म्हणजे पेशीतल्या इंधनाचं, गणित मांडत बसलेली असतात.

पडद्यावर ही जी लंडनची डबलडेकर दिसतेय ती पण सिलॅबसमधलीच. डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या टीमनं १९५३ साली दाखवलं की एकाच बसमधे दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. आपल्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमधे पण कंडक्टर तसाच वर-खाली पळायचा, असो.

पण सगळं तिकडूनच आलंय असं समजू नका, म्हणून आपण आलोय लोणावळ्यात. हे कैवल्यधाम, योगावर संशोधन करणारी संस्था. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, आधी अमळनेरला शिक्षणाच्या कामात होते. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावलेलं, योग शिकले माधवदासजींकडे. दुसरा कोणी असता तर गुरूनं सांगितलं ते प्रमाण मानून मोकळा झाला असता, यांनी काय केलं, तर नौली आणि उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करणाऱ्या माणसाला एक्स-रेसमोर उभं केलं आणि मोठ्या आतड्यातला दाब पाऱ्याच्या मॅनोमीटरवर मोजला. नौली करताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे आकड्यांत सापडलं आणि त्याला त्यांनी गुरूंच्या नावानं माधवदास व्हॅक्यूम म्हटलं. १९२४ साली लोणावळ्यात ही संस्था काढली, त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक, त्यात प्रयोग, फोटो, तक्ते सगळं छापलेलं. शंभर वर्षं झाली की याला! महाराष्ट्रात व्यायाम हा सायन्सचा विषय आहे का असं जे आजही विचारतात, त्यांनी एकदा इथं येऊन जावं.

परत लॅब. हा कॅलिपर. दंडाच्या मागची त्वचा चिमटीत धरायची, खालचा स्नायू सोडून, आणि चरबीची जाडी वाचायची. जागा आधी पेनानं मार्क करतात कारण सेंटिमीटरभर सरकलं तरी आकडा बदलतो. एकमेकांवर करून करून हात बसतो, हसणं पण आधी खूप होतं, मग बंद होतं.

नोकरीचं म्हणाल तर जिम, खेळाच्या टीम, कार्डिॲक रिहॅब म्हणजे हृदयरोग्यांना व्यायामानं सावरणं, रिसर्च असे रस्ते आहेत, फिजिओचं काम मात्र या डिग्रीवर करता येत नाही आणि बरेच जण पुढं एमएस्सी करतात. ॲडमिशनचे नियम कॉलेजागणिक वेगळे, बारावीला बायोलॉजी असलेलं बरं. आणि फी भरायच्या आधी स्वतः जाऊन लॅब बघा, मशिन नुसतं आहे की चालू पण आहे, आणि मुलांना हात लावू देतात का, ते तिथल्या मुलांनाच विचारा.