हर्णै: सुवर्णदुर्गाच्या आडोशाचे बंदर

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीपासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या हर्णै या मासेमारीच्या गावाविषयी आज मी बोलणार आहे.

हर्णैला जायचे तर मासळीच्या लिलावाच्या वेळेलाच जावे, असे माझे मत आहे. मोठ्या होड्या किनाऱ्यापासून दूर पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात, लहान होड्यांतून मासळी उथळ पाण्यापर्यंत येते आणि तेथून ती वाळूवर आणण्यासाठी बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. चाकांचे आरे पाण्यात बुडालेले असतात, तरी बैल लाटांना बुजत नाहीत. मग वाळूवर सुरमई, पापलेट, बांगडा आणि कोळंबीचे वाटे मांडले जातात, व्यापारी भोवती कोंडाळे करतात आणि लिलावाची बोली चढू लागते. भावाची खरी जाण पाहायची असेल, तर तेथील कोळणींचा व्यवहार थोडा वेळ शांतपणे पाहावा.

हे बंदर येथेच का नांदले, याचे उत्तर समोरच्या पाण्यात उभे आहे. सुवर्णदुर्गाचे बेट होड्यांना वाऱ्या-लाटांपासून आडोसा देते, आणि हाच आडोसा एकेकाळी मराठ्यांच्या आरमारालाही मोलाचा वाटला. कान्होजी आंग्रे यांच्या नावाशी हा जलदुर्ग कायमचा जोडला गेला; पुढे १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी एकत्र येऊन तो कान्होजींचे पुत्र आणि मराठा आरमाराचे तेव्हाचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. आपल्याच आरमाराचे बळ आपल्याच हातांनी खच्ची केल्याची ही घटना आठवली की मला आजही वाईट वाटते. किल्ल्याच्या महाद्वारापाशी पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती आवर्जून पाहावा. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे आणखी तीन दुर्ग आहेत. त्यांपैकी फत्तेगडावर आता कोळ्यांची घरे आहेत.

जवळच आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, तर मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. मात्र वेळ थोडा असेल, तर मी आसूदचे केशवराज मंदिर निवडेन. पोफळीच्या बागांतून उतरत जाणारी वाट ओढा ओलांडून पुन्हा पायऱ्यांनी वर चढते, आणि मंदिरापाशी गोमुखातून पडणारे गार पाणी ओंजळीत घेताच चढणीचा सारा शीण निघून जातो.

जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा मासळीच्या विणीचा काळ आहे. तेव्हा किनारा ओस दिसला तर निराश होऊ नये. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करण्याचा कोळ्यांचा रिवाज आहे. त्यानंतरच्या दिवसांत संध्याकाळी या किनाऱ्यावर उभे राहावे. कनकदुर्गावरचा दीपस्तंभ उजळू लागतो, तरी वाळूवर शेवटच्या वाट्याची बोली अजून चालूच असते.