फक्त ढकलणारा हमाल

नमस्कार श्रोतेहो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, थोड्या वेळात लागणार आहे. लोकलच्या दारात उभे असाल तर मात्र दोन्ही हात दांड्यालाच राहू द्या आणि नुसतं ऐका.

आज बोलायचंय ते सोकोबान या कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल. फुकट मिळतो, घरात धूळ खात पडलेल्या जुन्या मशीनवरही चालतो. त्यात गोळीबार नाही, धावपळ नाही, डोक्यावर टिकटिकणारं घड्याळ नाही. वरून पाहिलेलं एक गोदाम, आडव्यातिडव्या भिंती, काही पेट्या, त्या जिथे लावायच्या तिथे ठिपके, आणि एक हमाल. सगळ्या पेट्या ठिपक्यांवर गेल्या की कोडं सुटलं.

आता आपल्या मस्जिद बंदरच्या गल्ल्यांमधला हमाल डोळ्यांसमोर आणा. तो पोत्यात आकडा अडकवून ओढतो. हातगाडी एक जण पुढून ओढतो, दुसरा मागून रेटतो. अडलं तर टोळीतल्या कुणाला तरी हाक मारतो, वर मुकादम असतो. शिवाय १९६९ पासून पाठीशी माथाडी कायदा आहे. सोकोबानच्या हमालाला यातलं काहीच नाही. तो एकटा. एका वेळी एकच पेटी ढकलतो. दोन पेट्या एकीला एक लागून आल्या की त्याचं बळ संपलं. आणि ओढणं त्याला मुळी जमतच नाही. हा एवढा एक नकार नियमात बसवलाय आणि सगळा खेळ त्यातून उभा राहिलाय.

घ्या पेन्सिल. एका ओळीत चार घरं, अशा तीन ओळी, म्हणजे बारा घरांची खोली काढा. चारही बाजूंनी भिंत. मधल्या ओळीत डावीकडून दुसऱ्या घरात एक पेटी, तिच्या शेजारी तिसऱ्या घरात दुसरी. ठिपके शेवटच्या, म्हणजे उजव्या भिंतीलगतच्या उभ्या रांगेत: एक वरच्या कोपऱ्यात, दुसरा त्याच्या खालच्या घरात. हमाल उभा आहे खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात.

पहिला मोह होतो तो मधल्या ओळीत डावीकडे जाऊन उजवीकडे रेटण्याचा. ते होत नाही, दोन पेट्या लागून आहेत. मग बरेच जण उजवीकडची पेटी खालून वर ढकलतात, लांबचा वळसा घालून तिच्या डाव्या अंगाला येतात आणि ती कोपऱ्यात लावतात. मग परत मागे येऊन दुसरी. जमतं, पंधरा पावलं लागतात. आता हे ऐका: एक पाऊल उजवीकडे. डावी पेटी वर ढकला. तिथूनच उजवी पेटी उजवीकडे ढकला, ती ठिपक्यावर बसली. दोन पावलं मागे, एक वर, आणि वरची पेटी दोनदा उजवीकडे. झालं. आठ पावलं. ढकलणं दोन्ही वेळा चारदाच, पण पायपीट जवळजवळ निम्मी. म्हणूनच यातले मुरलेले लोक पावलं वेगळी मोजतात आणि ढकलणं वेगळं मोजतात.

पण मला खरी गंमत दाखवायची आहे ती निराळीच. त्याच खोलीत दोन्ही पेट्या वरच्या ओळीत ढकला. कुठलीही कोपऱ्यात नाही, हमाल मोकळा फिरतोय. तरी डाव बुडाला. कारण पेटी खाली आणायची तर हमालाने तिच्या वर उभं राहायला हवं, आणि वर भिंत आहे. भिंतीला चिकटलेली पेटी त्या भिंतीपुरतीच उरते. वरच्या ओळीत ठिपका एक, पेट्या दोन. हिशेब संपला.

आणि श्रोतेहो, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. पडद्यावर काही चमकत नाही, कसला आवाज होत नाही. तुम्ही तासभर हमालाला इकडून तिकडे फिरवत बसलात तरी खेळ शांतपणे फिरवू देतो. इतर खेळांत हरणं तुमच्यावर येऊन आदळतं. इथे ते तुमचं तुम्हाला ओळखावं लागतं. मला विचाराल तर सोकोबानमध्ये शिकण्यासारखं मुख्य कौशल्य हेच आहे. कोडी सोडवणं त्याच्या मागून येतं.

हा खेळ रचला जपानमधल्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी, १९८१ साली. डिसेंबर १९८२ मध्ये ताकाराझुका शहरातल्या थिंकिंग रॅबिट या कंपनीने तो बाजारात आणला. पुढे युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी एक्ससोकोबान नावाची आवृत्ती केली, तिच्यात नव्वद कोडी आहेत. त्यातल्या पहिल्याच कोड्यात पेट्या सहा, आणि कमीत कमी ९७ वेळा ढकलावं लागतं.

संगणकशास्त्रज्ञांनाही या हमालाने चांगलंच दमवलं. मे १९९७ मध्ये डीप ब्लू या मशीनने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवलं, त्याचा गाजावाजा आठवत असेल. त्याच वर्षी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या जोसेफ कल्बरसन यांनी गणिताने सिद्ध केलं की सोकोबान अतिशय अवघड कोड्यांच्या वर्गात मोडतो. म्हणजे गोदाम वाढत गेलं तरी लागणारा वेळ आवाक्यात राहील, अशी सर्वसाधारण रीत सापडेल ही आशा जाणकार धरत नाहीत. त्याच विद्यापीठात अँड्रियास युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांनी रोलिंग स्टोन नावाचा सोडवणारा प्रोग्रॅम लिहिला. हे शेफर म्हणजे ज्यांनी २००७ साली चेकर्स हा सोंगट्यांचा पटावरचा खेळ सोडवून दाखवला तेच. रोलिंग स्टोनला एक्ससोकोबानची काही कोडी सुटली, पण सगळी नव्वद सुटली नाहीत. मशीनची अडचण तीच, तुमच्या-माझ्यासारखी: डाव दहाव्या ढकलण्याला बुडालेला असतो आणि प्रोग्रॅम पुढच्या लाखो शक्यता चाचपत बसतो. त्यामुळे बुडालेला डाव लवकर कसा ओळखायचा, यावरच त्यांची बरीच मेहनत गेली. नव्वदही कोडी सोडवणारा पहिला प्रोग्रॅम, फेस्टिव्हल, आला तो २०२० साली.

माणसाला एक युक्ती आहे. उलटं खेळायचं. सगळ्या पेट्या ठिपक्यांवर आहेत असं धरा आणि हमालाला ओढायला लावा. दार एकच असलेल्या खोलीत सर्वांत आतला ठिपका आधी भरायला हवा, हे सुलट खेळताना दहा वेळा विसरतं; उलट खेळताना आपोआप दिसतं.

सुरुवात करायची तर जेसोको हा प्रोग्रॅम फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. उलटं खेळायची सोय त्यात आहे. पेटी बुडाली की दाखवून देण्याचीही आहे, पण ती बंदच ठेवा असं माझं मत. नाहीतर ज्यासाठी बसायचं तेच मशीनला देऊन टाकल्यासारखं होतं. चाल मागे घ्यायला माझी ना नाही. फक्त कुठल्या ढकलण्याने डाव बुडाला ते आधी स्वतःला सांगा, मग मागे या. आणि कोडी घ्या ती डेव्हिड स्किनर यांच्या मायक्रोबान संचातली. १५५ लहान लहान गोदामं आहेत, नवख्यांसाठीच जणू. एक्ससोकोबानच्या नव्वदांना पहिल्याच दिवशी हात घालू नका, उगीच खेळाशी वैर व्हायचं.

प्रत्येक कोडं म्हणजे साध्या टाइप केलेल्या पाच-दहा ओळी असतात: भिंतीला हॅशचं चिन्ह, पेटीला डॉलरचं, ठिपक्याला पूर्णविराम. त्यामुळे स्वतःचं कोडं रचून मित्राला मेसेजवर धाडता येतं. मैत्री टिकेल याची हमी आकाशवाणी घेत नाही.

कागद फेकू नका अजून. तीच बारा घरं, पेट्या आणि हमाल होते तिथेच. ठिपके मात्र वरच्या ओळीत, तिसऱ्या आणि चौथ्या घरात. चारदा ढकलून जमतं. पावलं कमीत कमी किती लागतात ते तुम्ही बघा. नमस्कार.