पाइप गरमच होऊन नाही रायला

वरुड तालुका, डिसेंबरचे शेवटचे दिवस, सकाळचे साडेसात. संत्र्याच्या बागेवर धुई उतरलीय आणि शेडच्या बाहेर चार जण शेकोटी करून बसलेत. बाहेरच, आत नाही, कारण आत भिंतीवर पफ आहे, म्हणजे गारवा आत धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा फोम, आणि पफ पेट घेतो. आत दोन ड्रम, पफ मारायचं एक मशीन, आणि फरशीवर काळ्या कव्हरमधला जाडजूड पाइप पसरलाय, अजगरासारखा म्हणणार होतो पण अजगर एवढा महाग नसतो.

इथं कोल्ड स्टोरेज होतंय. आंबिया बहाराचा माल बराचसा निघून गेला, मृगाचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला येईल, त्याच्या आत खोली सहा-सात अंशावर टिकली पाहिजे एवढंच मालकाचं म्हणणं. आणि हा बघा काल संध्याकाळी मारलेला पफ. हात लावला की चिकटतो, बोट दाबलं तर आत जातं, वास अजून गेला नाही. मालक म्हणतो केमिकलमध्ये भेसळ आहे, केमिकलवाला फोनवर म्हणतो तुमच्याकडं थंडी जास्त आहे भाऊ. मिस्त्री काहीच म्हणत नाही. तो पाइपला हात लावत लावत चाललाय, आणि शेवटाला पोचल्यावर फक्त एवढं म्हणतो, "हा तं गरमच होऊन नाही रायला."

आता पाइपला गरम कायले करायचं, तर ऐका. एका ड्रममध्ये आयसो असतो, म्हणजे आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल. दोघं पाइपच्या टोकाला असलेल्या स्प्रे गनच्या तोंडाशी भेटतात आणि काही सेकंदांत फुगून कडक होतात. ही रिअ‍ॅक्शन जर्मनीतल्या ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये काढली. स्प्रेमध्ये दोन्ही एकास एक मापात लागतात, हजार पीएसआयच्या वर प्रेशर लागतं, आणि माल साधारण पन्नास अंश गरम लागतो, नेमका आकडा केमिकलच्या कागदावर लिहिलेला असतो. मशीनमध्ये हीटर आहेच, पण मशीन एका कोपऱ्यात आणि गन साठ मीटर लांब, आणि आपल्याकडची थंडी तर तुम्हाला माहीत आहे, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशावर गेला होता. मशीनमधून पन्नासवर निघालेला माल गनपर्यंत जाईस्तोवर गार होतो, पॉलिओल काकवीसारखा घट्ट होतो, मिक्सिंग अर्धवट होतं आणि भिंतीवर हा असा चिकट लगदा बसतो. म्हणून पाइपच्या अंगालाच वायर गुंडाळलेली असते, माल वाटेत गार होऊ नये म्हणून.

मी पण आधी समजत होतो की हा एकच अखंड पाइप आहे. पंधरा-पंधरा मीटरचे चार तुकडे आहेत आणि गनजवळ तीन मीटरची छोटी व्हिप, म्हणजे शेवटचा लवचीक तुकडा. प्रत्येक तुकड्यात दोन पाइप, लाल आयसोचा, निळा पॉलिओलचा. करंट मशीनमधून एका पाइपच्या वायरीनं जातो आणि टोकाला वळून दुसऱ्याच्या वायरीनं परत येतो. गणपतीत लावतो ना जुनी लायटिंगची माळ, तसंच. एका जागी तुटलं की सगळी माळ बंद. म्हणून पाइप पूर्ण गार असेल तर पूर्ण पाइप बाद झाला असं समजून नवीन मागवायला पळू नका, बहुतेक वेळा एकच जॉइंट मेलेला असतो. आणि मशीनकडचा भाग चटका बसेल इतका गरम पण गनकडचा गार, वर ॲम्पिअर नेहमीपेक्षा जास्त, असं असेल तर दुखणं वेगळं, मग मधेच कुठंतरी दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात आणि करंट तिथूनच माघारी फिरून रायला.

मिस्त्रीनं पोराला क्लॅम्प मीटर लावायला सांगितलं, वायरीभोवती चिमट्यासारखा धरला की करंट दाखवतो तो. पोरगं म्हणे झिरो दाखवते काका. मिस्त्री उठून गेला, पाहिलं, आणि डोक्यावर हात मारला. "दोन्ही वायर एकत्र धरशील तं झिरोच दाखवन ना बे! एक जाऊन रायली, एक येऊन रायली." एकच वायर धरली तर चाळीसच्या वर ॲम्पिअर. म्हणजे करंट आहे. मग पाइप गार कसा? पोरानं पाइप जरा ओढला आणि आकडा धपकन झिरोवर आला, परत सोडला तर परत चाळीस. काल दिवसभर हाच पाइप शिडीवर चढवून-उतरवून ओढलाय, मशीननं अलार्मही दिला होता, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी रिसेट दाबत गेलं. कोणी ते विचारू नका, सगळे एकमेकांकडं बघतात.

पुढचं काम मेन बंद करून. पाइपमधलं व्होल्टेज कमी असतं पण चाळीस ॲम्पिअर म्हणजे गंमत नाही, म्हणून स्विच बंद, मशीनची पिन काढून मिस्त्रीच्या खिशात, आणि प्रेशर पण झिरो, कारण पाइप वाकवायचाय आणि हजार पीएसआय अंगावर घ्यायचं नाही.

मग मल्टीमीटर. इथं एक बारकी गोष्ट आहे जी मला लय आवडली. पूर्ण वायरीचा रेझिस्टन्स म्हणजे एखाद-दोन ओहमचा मामला, त्यात मीटरच्या स्वतःच्या पिनाच थोडा ओहम खातात. म्हणून आधी दोन पिना एकमेकींना लावून जे येतं ते लिहून घ्यायचं आणि नंतर वजा करायचं, नाहीतर चांगला जॉइंट पण वाईट दिसतो. ओहम साहेबांनी आपला नियम १८२७ मध्ये छापला, तोच अजून वरुडच्या शेडमध्ये कामी येतोय.

आणि एका टोकापासून एकेक जॉइंट उघडत जायचं नाही. मिस्त्रीनं सरळ मधला उघडला. मशीनपासून तिथपर्यंत लाल पाइपची वायर बरोबर, निळ्याची बरोबर. झालं, अर्धा पाइप सुटला, तिकडं बघायचंच नाही. मग पुढच्या अर्ध्याचा मधला, म्हणजे तिसरा जॉइंट. तिथं मीटर लावून जरा हलवलं की आकडा नाचायला लागला. वरची टेप काढायच्या आधीच ती तपकिरी झालेली दिसत होती. आत बघा, वायरीचे मोजून पाच-सहा तार शिल्लक, बाकी तुटून काळे पडलेत, आणि जुना जॉइंट कसा केलाय तर घरातल्या बल्बसारखा पीळ मारून वर टेप. मागच्या वेळी कोणी केला? मिस्त्री हसतो. "मीच केला होता, घाईत."

आता तसं नाही. काळी तांब्याची तार चांगल्या चकचकीत तारेपर्यंत कापली, योग्य मापाचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण, घालून प्रेसनं दाबला, पक्कडीनं नाही, कारण पक्कडीनं दाबलेला लग दोन दिवसांनी सैल पडतो आणि सैल जागेवरच जास्त गरम होतं. स्क्रू घट्ट केला. आणि महत्त्वाचं, वायर ताणून बांधली नाही, पाइपपेक्षा थोडी लांब ठेवली, कारण प्रेशर आलं की पाइपची लांबी बदलते आणि ताणलेली वायर आपोआप तुटते. मग इन्सुलेशन टेप, वर फोमची पट्टी, वर कव्हर, आणि दोन्ही पाइप जॉइंटच्या अलीकडं-पलीकडं एकमेकांना घट्ट बांधले, म्हणजे शिडीवर ओढताना वजन पाइपवर येईल, वायरीवर नाही.

इथं फक्त वायर होती म्हणून पाइपचा जॉइंट खोलला नाही. खोलावा लागला तर तोंडं लगेच कॅपनं बंद करावी लागतात, आयसोला हवेतला ओलावा लागला की आत खडे धरतात. पाइपच्या आतली नळीच फुटली असेल तर क्लिप-बिप लावू नका, तो तुकडा फेकायचा. आणि आयसोचा वाफारा छातीत गेला तर दमा मागे लागतो, एकदा लागला की थोड्याशा वासानं पण उठतो, रुमाल बांधून हे काम होत नाही. स्प्रे करताना ताज्या हवेचा मास्क लागतो, ह्या पोराकडं तो आहे, बरं वाटलं पाहून.

चालू केलं तेव्हा पाइप पूर्ण सोडून ठेवलेला होता, गुंडाळीत गरम करायचा नाही, आतले वेढे जळतात. क्लॅम्पवर चाळीसच्या वर, पाइप हलवला तरी आकडा ढिम्म. गनजवळच्या सेन्सरचं तापमान हळूहळू वर सरकलं, पाऊण तासात पन्नास. मिस्त्री म्हणतो उन्हाळ्यात उलटाच तमाशा होतो, तो सेन्सर उन्हात तापलेल्या पत्र्यावर पडला की मशीनला वाटते माल गरम आहे अन् ते हीटिंग बंद करते, अन् सावलीतला पाइप कोमटच राहते.

तिसऱ्या जॉइंटवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, शेजारच्या पाइपएवढंच तापमान. आधी तिथं जास्त यायचं. जेवणानंतर मेन बंद करून स्क्रू परत एकदा घट्ट केला, पाव आटा फिरला.

कालचा चिकट पफ मात्र खरवडून काढावा लागला, त्याच्यावर नवीन मारता येत नाही. चौघांना ते करायला दुपारचे तीन वाजले, आणि मालकानं चहा पाठवला, केमिकलच्या भेसळीचा विषय न काढता.