प्लास्टिकमधून करंट, आणि उन्हातला काला

नमस्कार श्रोतेहो. घरी वायरमन येतो ना, त्याच्या टेस्टरची मूठ बघा, प्लास्टिकची असते, वायरीवरचं कव्हर प्लास्टिकचं, स्विचपण प्लास्टिकचा, कारण प्लास्टिकमधून करंट जात नाही हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय त्या ॲलन हीगर यांना 2000 साली केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते प्लास्टिकमधून करंट जातो हे दाखवल्याबद्दल, आणि गंमत बघा, माणूस मूळचा फिजिक्सवाला.

सुरुवात जपानमधली. 1967 साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या लॅबमध्ये एका पाहुण्या संशोधकाच्या हातून कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रिया घडवायला मदत करणारा पदार्थ, जवळजवळ हजारपट जास्त पडला, आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी द्रावणावर चक्क एक चकचकीत पापुद्रा आला, दुधावर साय धरते तसा. हे पॉलिअ‍ॅसिटिलीन. म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच, दिसायला धातूसारखं, पण करंट फारसा जाईना. पुढे अमेरिकेतले ॲलन मॅकडायर्मिड जपानला आले, त्यांनी तो पापुद्रा पाहिला आणि शिराकावांना थेट फिलाडेल्फियाला बोलावून घेतलं, तिथे हीगर होतेच. नोव्हेंबर 1976 मध्ये त्या पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली तर काही मिनिटांत करंट वाहून न्यायची ताकद एक कोटी पटीने वाढली!

का वाढली? एसटी स्टँडवरचा बाक आठवा, सगळे खेटून बसलेत, कुणाला हलता येत नाही, पण एक जण उठला की शेजारचा सरकतो, मग त्याच्या शेजारचा. प्लास्टिकचा रेणू म्हणजे अणूंची लांब साखळी, ब्रोमीनने त्या साखळीतला एखादा इलेक्ट्रॉन ओढून घेतला की उरलेल्यांना सरकायला जागा होते, बस एवढंच.

नोबेल मिळालं ते यासाठी. पण मला विचाराल तर हीगर यांचं खरं मोठं काम पुढचं, कॅलिफोर्नियात सांता बार्बराला गेल्यानंतरचं, उन्हातून वीज करणाऱ्या प्लास्टिकच्या सोलर सेलचं.

अडचण अशी की अशा प्लास्टिकवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन उठतो खरा पण मोकळा होत नाही, त्याची जी रिकामी जागा मागे राहते तिलाच चिकटून बसतो. सिलिकॉनमध्ये ही ओढ फार कमी, इथे जबरदस्त. ही जोडी साधारण 10 नॅनोमीटर चालते, आपल्या केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग, आणि तेवढ्यात तोडली नाही तर मिटून जाते, ऊन फुकट. 1992 मध्ये हीगर आणि सेर्दार सारिचिफ्ची यांच्या टीमला तोडणारा सापडला, 60 कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू, जो तो इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आत खेचून घेतो.

मग प्लास्टिक आणि हा फुटबॉल असे दोन थर एकावर एक ठेवले की झालं? नाही ना. पुरेसं ऊन शोषायला साधारण 100 नॅनोमीटर जाडी लागते आणि जोडी चालणार 10, म्हणजे सीमेपर्यंत पोचायच्या आतच बहुतेक जोड्या गेल्या. 1995 मध्ये यांनी काय केलं, दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात कालवले आणि ती शाई पसरून वाळवली. दहीहंडीच्या दिवशी आपण गोपाळकाला करतो तसंच, पोहे कुठलेही घ्या, शेजारी दही आहेच. जोडी कुठेही तयार होवो, सीमा जवळच. आता काला फार मळला तर त्याचा लगदा होतो आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर जायची वाट सापडत नाही, कमी कालवला तर गोळे राहतात आणि जोड्या वाटेतच मिटतात, त्यामुळे कुठलं द्रावण घ्यायचं, किती हळू वाळवायचं, शेवटी किती तापवायचं यातच संशोधकांची वर्षं गेलीत आणि मला ही चिकाटी नोबेलइतकीच मोठी वाटते.

1986 मध्ये कोडॅकच्या चिंग टँग यांचा दोन थरांचा सेल पडलेल्या उन्हाच्या जेमतेम 1 टक्का ऊर्जेची वीज करायचा. 2019 मध्ये चीनमध्ये फुटबॉल बाजूला ठेवून नवा रेणू आणला, वाय-6 नावाचा, आणि आकडा 15 च्या पुढे गेला, आता लॅबमधले छोटे सेल 19 च्या वर आहेत. सिलिकॉन वितळवायला 1400 अंशांच्या वर भट्टी लागते, इथे पेपर छापल्यासारखी शाई फिल्मवर छापता येते, वाकवता येते, खिडकीच्या काचेवर लावता येते.

फक्त टिकत नाही हो फार. हवेतला ऑक्सिजन, दमटपणा आणि उन्हातलेच अतिनील किरण त्याला खातात, आणि एवढं जपून कालवलेलं मिश्रण उन्हात तापून तापून हळूहळू पुन्हा वेगळं व्हायला लागतं, पोहे एकीकडे, दही एकीकडे. सध्या जगभरच्या लॅब या एका गोष्टीच्या मागे लागल्यात.