डबा कुठला ते राहू द्या, गाडी कुठवर जाते ते सांगा

नमस्कार. जाहीर झालेला विषय आहे 'फँटसीचे उपप्रकार आणि वाचाव्यात अशा दीर्घ मालिका'. यातला 'आणि'च्या अलीकडचा भाग मला नावडता आहे आणि पलीकडचा तुम्हाला हवा आहे, याची मला कल्पना आहे. तरी सुरुवात नावडत्यापासूनच करतो, कारण त्यावर मला बरंच बोलायचंय आणि माईक सध्या माझ्या हातात आहे.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्किन कोण, जॉर्ज मार्टिनच्या गोष्टींतलं वेस्टेरॉस कुठे, हे इथे कुणाला सांगायला नको. भव्य लढायांची एपिक श्रेष्ठ की काळोखी, निर्दय ग्रिमडार्क, या प्रश्नावरून तुमच्यातल्या काहींनी जवळची माणसंही तोडली असतील. तेव्हा व्याख्यांच्या फंदात न पडता एका भांडणाचीच गोष्ट सांगतो.

आमच्या वाचनगटात एकदा ॲन मॅकॅफ्रीची पर्न मालिका चर्चेला घेतली. गटात रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना सगळे 'सर'च म्हणतात. आणि एक तरुण मुलगी आहे, जिला जगातले यच्चयावत ड्रॅगन नावानिशी ठाऊक आहेत. चर्चेची सुरुवात तिने केली, "ही छान फँटसी आहे." झालं. सरांनी चष्मा काढला. सरांनी चष्मा काढला की चहा गार होणार हे ठरलेलं.

सर म्हणाले, "अगं, पहिलं पान वाचलंस का? रुकबत नावाचा सोनेरी तारा, त्याचे ग्रह, तिथे वसाहत करायला गेलेली माणसं. ही विज्ञानकथा आहे."

ती म्हणाली, "सर, ड्रॅगन आहेत. आग ओकतात."

"ते एक खडक चावतात, त्यातून पोटात वायू तयार होतो, तो हवेत येऊन पेटतो. मी आयुष्यभर हेच शिकवलं."

"आणि एका जागेवरून गडप होऊन दुसऱ्या जागी उगवतात, ते? तेही शिकवलंत?"

सर जरा थबकले, पण हटले नाहीत. ही गोष्ट पहिल्यांदा 1967 साली 'ॲनालॉग' या विज्ञानकथांच्या मासिकात आली, तिथे जादूटोण्याला थारा नव्हता, असा पुरावा त्यांनी पुढे केला. पुढच्या वर्षी तिला ह्यूगो हा विज्ञानकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला, असंही म्हणाले. त्यावर तिने, ह्यूगो फँटसीलाही देतात, असं सांगून तो मोहरा उडवला. आणि मग तिने जे काढलं त्याला तोड नाही. म्हणाली, "सर, रुकबत हा खराखुरा तारा आहे, धनू राशीतला. निळसर पांढरा आहे. पुस्तकात तो सोनेरी, आपल्या सूर्याच्या जातीचा दाखवलाय. ज्या विज्ञानकथेत ताऱ्याचाच रंग चुकलाय, ती कसली हो विज्ञानकथा?"

(हशा)

हसू नका, पुढे अजून आहे. सरांनी शेवटचा बाण काढला. 1988 साली त्याच मालिकेत 'ड्रॅगन्सडॉन' आली. वसाहतीच्या पहिल्या पिढीने तिथल्या छोट्या उडत्या सरड्यांच्या जनुकांत फेरफार करून ड्रॅगन घडवले, हे तिच्यात सविस्तर येतं. मॅकॅफ्री स्वतःही, मी विज्ञानकथा लिहिते, असंच ठासून सांगायच्या. म्हणजे खटला निकाली. पण ती पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, ज्या बाईने पहिलं पुस्तक 68 साली घेतलं आणि ड्रॅगनवर जीव लावला, ती वीस वर्षं फँटसीच वाचत होती ना?"

माझ्या मते याहून चांगलं साहित्यशास्त्र आमच्या गटात कुणी बोललेलं नाही. पण मला ती संध्याकाळ आठवते ती वेगळ्याच कारणासाठी. कोपऱ्यात एक गृहस्थ बसले होते, पहिल्यांदाच आले होते. त्यांनी दोनदा विचारलं, "ही मालिका वाचायची असेल तर कुठून सुरू करायची? आणि ती संपते का?" कुणीही उत्तर दिलं नाही. सगळे ताऱ्याच्या रंगात अडकले होते. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

उपप्रकारांवरचं भांडण असं असतं. मजा भरपूर, आणि नव्या वाचकाच्या पदरात काही नाही.

या पाट्या आल्या कुठून, तेही बघा. 1961 साली मायकेल मूरकॉक या लेखकाने एका हौशी नियतकालिकात पत्र लिहून विचारलं, की रॉबर्ट हॉवर्डच्या कोनन या तलवारबहाद्दराच्या कथांसारख्या कथांना नाव काय द्यायचं? स्वतः त्याने सुचवलं होतं, 'एपिक फँटसी'. फ्रिट्झ लायबर या दुसऱ्या लेखकाने उत्तर दिलं, 'सोर्ड अँड सॉर्सरी' म्हणा, म्हणजे तलवार आणि जादूटोणा. लायबरचं चाललं. म्हणजे आज आपण ज्या दोन पाट्या एकमेकींच्या विरुद्ध धरून भांडतो, त्या एकाच बाळाच्या बारशाला आलेल्या होत्या! ग्रिमडार्कचं तर विचारूच नका. हे नाव आलं वॉरहॅमर 40,000 या खेळाच्या घोषवाक्यावरून, आणि तो खेळ घडतो अतिदूरच्या भविष्यात, अंतराळात. तिथून उचललेली पाटी आपण तलवारी आणि चिखलाच्या गोष्टींना लावून मोकळे झालो.

फारा मेंडलसन या अभ्यासिकेने 2008 साली जरा डोकं लावून वर्गवारी केली. अद्भुत गोष्ट कथेत शिरते कशी, हा तिचा प्रश्न. आपण दारातून त्या जगात जातो, की ते जग आपल्या घरात घुसतं, की आपण मुळातच त्या जगात असतो, की ते आहे की नाही हेच कळत नाही. हे मला पटतं. पण चौदा खंडांची चळत समोर असताना पहिला उचलू का नको, हे तिच्याकडूनही कळत नाही.

आता माझी खरी तक्रार. फँटसीच्या पुस्तकाची पाठ वाचा. 'एपिक' असतं, 'काळोखी' असतं, 'टोल्किनचा वारस' तर दर दुसऱ्या पुस्तकावर असतो. टोल्किनला इतके वारस, की इस्टेटीचे तुकडेच पडायचे. पण 'गोष्ट या पुस्तकात संपत नाही' हे पाच शब्द कुठेही सापडणार नाहीत. रेल्वे तुम्हाला डबा कुठला हे सांगते आणि गाडी कुठवर जाते हेही सांगते. इथे डब्याचा रंग सांगतात, आतले पडदे सांगतात, शेजारचा प्रवासी काळ्या मनाचा आहे हेसुद्धा सांगतात. गाडी कुठे जाते, ते नाही.

मी एकदा असाच एक जाडजूड खंड घेतला. मुखपृष्ठावर क्रमांक नाही, कण्यावर नाही, आत नाही. शेवटच्या पानावर नायक कड्याला लटकलेला. मी पान उलटलं, तर मागे भलत्याच मालिकेची जाहिरात. प्रकाशकांना लिहिलं, की बाबांनो, याचा पुढचा भाग आहे का, आणि असेल तर हे आधी का नाही सांगितलं? त्यांनी अगत्याने उत्तर पाठवलं. सोबत रंगीत सूचीपत्र. नायकाबद्दल एक अक्षर नाही. तो अजून लटकलेलाच आहे, आणि मी आता ती मालिका पुरी करणार नाही. माझाही काही स्वाभिमान आहे.

हा रोग जुना आहे. टोल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही एकच कादंबरी म्हणून लिहिली. महायुद्धानंतर कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन खंड पाडले. दुसरा खंड नोव्हेंबर 1954 मध्ये आला आणि त्याचा शेवट काय, तर नायक फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या ताब्यात. पुढचा खंड ऑक्टोबर 1955 मध्ये! ज्या वाचकांनी ते अकरा महिने काढले त्यांचा कुणीतरी सत्कार करायला हवा होता.

मार्टिनने 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'मध्ये तर कमाल केली. 2005 साली चौथा खंड फार फुगला म्हणून त्याने पात्रंच वाटून टाकली. निम्मी या खंडात, निम्मी पुढच्यात. शेवटी टीप लिहिली, की उरलेली मंडळी पुढच्या वर्षी भेटतील अशी मनापासून आशा आहे. तो पाचवा खंड आला 2011 साली. सहाव्याबद्दल मी बोलणार नाही, सभागृहात हळवी माणसं आहेत.

आणि रॉबर्ट जॉर्डन. 'व्हील ऑफ टाइम'च्या नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड जादुई घटना घडते. अंगावर काटा येतो. मग दोन वर्षांहून जास्त थांबून 2003 साली दहावा खंड हातात घ्यावा, तर त्याच्या मोठ्या भागात लोक काय करतायत? तीच घटना लांबून बघतायत! कुणी तंबूतून, कुणी घोड्यावरून, कुणाला नुसतीच जाणवते. एकेक जण त्या दिशेला मान वळवतो आणि 'काय बरं असेल' म्हणतो. मी पुस्तकाला ओरडून सांगत होतो, अरे, आम्ही बघून आलोय ते!

जाता जाता, आपल्याकडे तर याहून भारी उदाहरण आहे. गुणाढ्याने बृहत्कथेचे सात लाख श्लोक लिहिले, राजाने नाकारले, मग तो रानात पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत जाळत सुटला. राजा धावत आला तेव्हा एक लाख उरले होते. पहिले सहा खंड अनुपलब्ध, अशी ती जगातली पहिली मालिका असावी. आणि श्रोते बघा, उपप्रकार कुठला म्हणून एका हरणानेही विचारलं नाही.

... चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर.

माझं म्हणणं असं, की दीर्घ मालिका निवडताना पाटी बघू नका, सांधा बघा. एका खंडाला दुसरा जोडलाय कसा? मला तीन तऱ्हा दिसतात. पहिली, एकच गोष्ट कापून केलेले खंड: टोल्किन, जॉर्डन, मार्टिन. यात मधे उतरता येत नाही, म्हणून ती पुरी झाली आहे का हा पहिला प्रश्न. दुसरी, सुटे खंड: जग तेच, माणसंही बरीचशी तीच, पण प्रत्येक पुस्तकाची गोष्ट त्यातच संपते. तिसरी, साखळी: तीन-चार पुस्तकांचा एक गट पुरा होतो, मग त्याच जगात दुसरा गट. तुमचा स्वभाव, तुमचा वेळ, तुमची वाट बघायची ताकद यांचा संबंध या तीन तऱ्हांशी आहे. ड्रॅगन आहे की नाही याच्याशी नाही. याला अपवाद आहेत, ते तुम्ही मला नंतर गाठून सांगालच.

आता नावं.

पहिल्या तऱ्हेत निर्धास्तपणे 'व्हील ऑफ टाइम' घ्या, दहाव्या खंडासकट. 1990 ला सुरू झाली, 2007 मध्ये जॉर्डन गेला. मग त्याच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या लेखकाला बोलावलं. जॉर्डनने टिपणं ठेवली होती आणि शेवटचा प्रसंगही लिहून ठेवला होता. एक उरलेला खंड लिहायला बसलेल्या सँडरसनचे तीन झाले, आणि 2013 मध्ये चौदाव्याला मालिका संपली. सगळे खंड हाताशी असले की दहावासुद्धा दोन दिवसांचा त्रास. मार्टिनचे पाच खंड लेखन म्हणून जॉर्डनपेक्षा सरस आहेत, पण अर्धवट राहण्याची तयारी ठेवूनच घ्या.

दुसऱ्या तऱ्हेत टेरी प्रॅचेटचं 'डिस्कवर्ल्ड'. 1983 ते 2015, एक्केचाळीस कादंबऱ्या. कासवावर चार हत्ती, हत्तींवर जग. आपल्याला काही नवीन नाही. पहिल्यापासून सुरू करू नका, तिथे प्रॅचेट अजून हात साफ करतोय. 1989 ची 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या: बकाल शहर, दारुडा पोलीस कप्तान आणि ड्रॅगनचा तपास. आवडली तर पहारेकऱ्यांचीच पुस्तकं ओळीने वाचा. जिम बुचरचा शिकागोतला जादूगार गुप्तहेर ड्रेसडेनही याच तऱ्हेचा, निदान पहिली बरीच पुस्तकं. पहिली दोन बेताची आहेत, धीर धरा.

तिसऱ्या तऱ्हेत रॉबिन हॉब, आणि इथे मी निःपक्षपाती नाही. 1995 ते 2017, सोळा पुस्तकं, पाच गट. फिट्झ या अनौरस राजपुत्रापासून सुरुवात करा आणि दुसरा गट, जहाजांचा, तो अजिबात गाळू नका. फिट्झ त्यात नाही म्हणून लोक तो गाळतात आणि पुढे डोकं खाजवतात. त्यात जहाज जागं होतं ते एकाच घराण्याच्या तीन पिढ्या त्याच्या डेकवर मेल्यावर. त्या लाकडात आजोबा-पणजोबांच्या आठवणी असतात आणि जहाज बोलू लागतं. हे एपिक की आणखी काही, मला विचारू नका.

एरिक्सनची 'मालाझान', दहा खंड, 1999 ते 2011, ही धड कुठल्याच तऱ्हेत बसत नाही. लेखक पुरातत्त्वातला माणूस, त्यामुळे वाचकालाही खणायला लावतो. दुसऱ्या खंडात दुसरा भूखंड आणि बहुतेक नवी माणसं; पाचव्यात पुन्हा तेच. पहिला खंड कळला नाही तरी दुसरा वाचा. दुसराही रुचला नाही तर सोडा, उगाच तप करू नका.

आणि एवढं ऐकूनच ज्यांना दम लागला असेल त्यांनी उर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' घ्यावी. 1968 चं पहिलं पुस्तक पातळ आहे, एका बैठकीत होतं. एकूण सहा. 1990 च्या चौथ्यावर 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं स्वच्छ छापलं होतं. त्यानंतर 2001 साली आणखी दोन आली. ती दोन्ही वाचा, पाचवं आधी, मग सहावं.