बटाटा बाटलीत भरण्याआधी

नमस्कार मंडळी. दुपारची जेवणं आटोपली असतील, भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा, कारण आज जे सांगायचंय ते स्वयंपाकघरातलंच आहे, आणि सांगायला जरा उशीरच झालाय म्हणा ना.

मागच्या शिमग्याच्या सुमाराला मी सेलूला धाकट्या जावेकडं गेले होते. त्या दिवसात बटाटा स्वस्त असतो, आग्र्याकडचा माल येतो, इंदूरचा येतो, तर तिनं पन्नास किलोची अख्खी गोणीच घेतलेली. एवढ्याचं काय केलंस गं म्हणून विचारलं तर हाताला धरून फडताळापाशी नेलं. बघते तर काय, जॅमच्या, लोणच्याच्या, कॉफीच्या रिकाम्या बाटल्या, मोजून अकरा, आणि सगळ्यात मिठाच्या पाण्यात बटाट्याच्या फोडी. पाणी असं नितळ की फोडीची एकेक कड दिसत होती. "आक्का, मोबाईलवर बघून केलंय," ती म्हणाली, "पाऊण तास बाटल्या पातेल्यात खळाखळा उकळल्यात, झाकण बघा कसं आत ओढलंय, आता वर्षभर भाजीची चिंता नाही." खोटं कशाला बोलू, दिसायला लई भारी दिसत होत्या. पण माझ्या पोटात गोळाच आला.

का ते सांगते. बटाटा येतो मातीतून, आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू असतो. नाव अवघड आहे, सोडून द्या, त्याचं बी असतं एवढं ध्यानात ठेवा, शास्त्रात त्याला बीजाणू म्हणतात, पण बीच समजा, टणक कवचाचं. हे बी शेतात, अंगणात, आपल्या नखात कुठंबी असतंय, आणि धडधाकट मोठ्या माणसाच्या पोटात नुसतं बी गेलं तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण ते उकळत्या पाण्यात मरत नाही. समुद्रकाठी पाणी १०० अंशाला उकळतं, आपण पडलो वरचे, परभणी साडेतीनशे मीटरच्या आसपास, छत्रपती संभाजीनगर साडेपाचशेच्या पुढं, तर आपल्याकडं ते ९८-९९ लाच उकळायला लागतं, आणि मग पाऊण तास उकळा की दोन तास उकळा, पातेल्यातलं पाणी त्याच्या वर जातच नाही, नुसता गॅस जळतो. त्या बीला मारायला ११६ ते १२१ अंश लागतात आणि तेवढी उष्णता वाफेच्या दाबाशिवाय मिळत नाही.

उकळून होतं काय, तर बाकीचे जंतू मरतात, बाटलीतली हवा निघून जाते, झाकण घट्ट बसतं. म्हणजे त्या बीला जे पाहिजे नेमकं तेच आपण हातानं करून देतो, हवा नाही, ओलावा भरपूर, आंबट काही नाही, आणि वर आपल्या घरातली ऊब. मग ते रुजतं आणि विष सोडतं. ह्या विषाला वास नाही, चव नाही, पुष्कळदा पाणीसुद्धा गढूळ होत नाही, त्यामुळं जावेच्या बाटल्या नितळ दिसायल्या म्हणून चांगल्या, असं मला म्हणवेना.

ती लगेच म्हणाली, "मग आक्का, आपलं कैरीचं लोणचं कसं वर्ष वर्ष टिकतंय?" प्रश्न बरोबर होता. आंबटपणाचं एक माप असतं, पीएच म्हणतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. ४.६ च्या खाली हे बी रुजत नाही. कैरी, लिंबू, चिंच त्याच्या बऱ्याच खाली, शिवाय लोणच्यात आपण मीठ घालतो ते काय चिमटीनं नाही. बटाटा ५.५ ते ६ च्या आसपास, म्हणजे रेषेच्या वरच्या अंगाला. "मग लिंबू पिळते की दोन!" म्हणाली. तेबी चालत नाही हो, वरच्या पाण्याला आंबट लागलं म्हणून फोडीच्या गाभ्यापर्यंत ते पोचलं का, हे घरी बसून कसं कळणार.

तुम्ही म्हणाल बाई उगाच घाबरवायली. तर ऐका. २०१५ च्या एप्रिलमधली गोष्ट आहे, अमेरिकेत ओहायो राज्यात लँकेस्टर नावाच्या गावात लोकांनी घरून डबे आणून एकत्र जेवण केलं, आपल्याकडं डबा पार्टी करतात तसं. त्यात एक बटाट्याचं सॅलड होतं आणि त्यातला बटाटा घरीच बाटलीबंद केलेला, माझ्या जावेनं केला तसाच, नुसत्या उकळत्या पाण्यात. ७७ जण जेवले, २९ आजारी पडले, एक दगावलं. आणि हे काय फक्त तिकडंच होतं असं नाही, १९९६ साली गुजरातेत एका निवासी शाळेतली ३४ पोरं अशाच आजारानं पडली, तीन गेली, तिथं संशय शेवेवर होता आणि जंतू ह्याच घराण्यातला दुसरा.

आता सगळ्यात जास्त विचारतात ते कुकरचं. आपल्या कुकरात दाब असतोच की, मग बाटल्या कुकरात ठेवून पाच शिट्ट्या काढल्या तर? नाही चालत. शिट्टी झाली की दाब खाली येतो, परत चढतो, परत येतो, आत नेमका किती आणि किती वेळ टिकला ते सांगायला काटा नाही. दुसरं, तीन-पाच लिटरचा कुकर झटकन तापतो आणि झटकन थंड होतो, आणि बाटलीबंद करण्याच्या ज्या वेळा ठरवल्यात त्यात हळूहळू तापण्याचा अन् हळूहळू थंड होण्याचा वेळ धरलेला असतो. आणि आपली सवय तर माहितीच आहे, गडबड असली की कुकर नळाखाली धरायचा! काचेची बाटली आत असताना असं केलं तर काच फुटेल ते वेगळंच.

ह्या कामाचं भांडं वेगळं असतं, प्रेशर कॅनर म्हणतात, चांगलं मोठं, एक-एक लिटरच्या निदान चार बरण्या उभ्या राहतील एवढं, वर दाबाचा काटा नाहीतर वजन. कुणाच्या लेकानं-सुनेनं परदेशातून आणलं असलं तर त्याची रीत सांगते. बटाटा ताजा घ्या, कोल्ड स्टोरेजचा नको, थंडीत त्याच्या पिठाची साखर होते आणि बरणीत तो काळपट पडतो. हिरवा झालेला, मोड आलेला नको. मातीचा कण राहणार नाही असा धुवा, साल काढा, सालीसकट बिलकूल नाही, कारण बी सालीवरच बसलेलं असतं. अर्ध्या इंचाच्या फोडी २ मिनिटं उकळा, छोटे अख्खे बटाटे असले तर १० मिनिटं. ते पाणी फेकून द्या, त्यात पीठ उतरलेलं असतं आणि घट्ट पाण्यातून उष्णता आतपर्यंत जात नाही, म्हणून बरणीत नवं उकळतं पाणी घालायचं. वर एक इंच जागा मोकळी. बरणी ह्याच कामाची पाहिजे, दोन भागांच्या झाकणाची, जॅमची बाटली नको. कॅनरचं झाकण लावून वाफ १० मिनिटं धो धो बाहेर जाऊ द्या, मगच वजन ठेवा.

दाबाचं आपल्या भागासाठी नीट ऐका. मराठवाडा जवळजवळ सगळा हजार फुटांच्या वर आहे, त्यामुळं वजनाच्या कॅनरला १५ पौंड दाबाचं वजन, १० चं नाही. काट्याच्या कॅनरला २००० फुटांपर्यंत ११ पौंड, आणि धाराशिवकडं डोंगरावर त्याहून उंच राहत असाल तर १२. वेळ, ४७३ मिलीच्या बरणीला ३५ मिनिटं, ९४६ मिलीच्या बरणीला ४०. आपल्याकडची अर्ध्या लिटरची असली तर ती ४७३ पेक्षा मोठी झाली, तिला ४० च धरा, आणि ९४६ पेक्षा मोठी बरणी घेऊच नका. मधे दाब जरा जरी खाली गेला तर दाब परत आणून वेळ पहिल्यापासून मोजायची, हो, ३९ व्या मिनिटाला गेला तरी. मग गॅस बंद, आणि हात लावायचा नाही, वजन उचलायचं नाही, पाणी ओतायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं.

एवढं सगळं केलं तरी पुढं आपला उन्हाळा बसलेलाच आहे. ह्या बरण्या ३५ अंशाच्या वर ठेवू नयेत असं सांगतात. आता मे महिन्यात पत्र्याच्या घरात ३५ अंश कुठं शोधायचे ते तुम्हीच सांगा, माझ्या माळवदाच्या खोलीतबी सापडत नाहीत. मला विचाराल तर कॅनर असला तरी आपल्याकडं बटाट्याच्या बरण्या भरण्यात काही अर्थ नाही. फ्रीजरचं म्हणाल तर लाईटचा भरवसा तुम्हाला माहितीच आहे.

खाण्यात चुकून आलंच असं काही तर लक्षणं सांगते, बहुतेक १२ ते ३६ तासांत सुरू होतात, कधी चार-आठ दिवसांनीबी. पापण्या जड होऊन खाली येतात, एकाचे दोन दिसतात, तोंड कोरडं, बोलताना जीभ अडखळते, घास गिळेना, मग मान, हात, पाय ढिले पडत जातात आणि शेवटी श्वास. ताप बहुतेक नसतोच, म्हणून घरचे म्हणतात थकवा असेल, झोपू द्या. झोपवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला स्वतःहून सांगा की घरी बाटलीबंद केलेलं खाल्लं होतं. विषावर उतारा असतो पण तो लवकर द्यावा लागतो. आणि जाता जाता एक, वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नका. आजी म्हणेल आम्ही चाटवला होता, म्हणू द्या. मधातबी हे बी असू शकतं आणि तान्ह्याच्या पोटात ते रुजतं.

तर त्या अकरा बाटल्या. जाऊ म्हणाली, "खायचं नाही तर नाही, म्हशीला घालते." म्हटलं अगं बाई, म्हशीलाबी हेच होतं! चव घेऊन बघते म्हणाली, तेबी नाही, बोटाला लागलेलंसुद्धा नाही. न उघडता दोन-दोन कॅरीबॅगमध्ये गुंडाळून, कुत्र्या-डुकराच्या तोंडी लागणार नाहीत अशा टाकल्या. तिचा चेहरा बघवत नव्हता, एवढी मेहनत, एवढा गॅस.

मग उरलेल्या गोणीचं आम्ही दोघींनी वाळवण केलं. फोडी नाही, सळ्यांचा कीस आणि वेफर्स. रात्री चकत्या तुरटीच्या पाण्यात, सकाळी मिठाच्या पाण्यात एक उकळी, चकती वाकते पण तुटत नाही अशी झाली की लगेच उपसून गच्चीवर धोतराच्या कापडावर एकेक पसरायची, एकावर एक नको. आपलं ऊन काय, दोन दिवसात खडखडीत. कडकन मोडली तरच डब्यात, वाकली तर परत उन्हात. तिथं पाणीच उरत नाही, मग ते बी रुजणार कशावर. भाजीला हे चालत नाही हे मान्य, पण उपासाला, पाहुण्याला, पोरांना मूठभर तळून दिलं की बास.

यंदा गोणी उतरली त्याच दिवशी जावेचा फोन आला. म्हणाली, "आक्का, येताना तुमची किसणी घेऊन या, माझी मोडली."